मखमल चढवलेली फळी

मित्रांनो, फळी म्हटले की लोक लगेच तिच्यावर डबे मांडायला निघतात. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी डब्यांची फळी नाही. भिंतीत ठोकून घेऊन जन्मभर एका जागी बसणे मला मानवलेही नसते. मी एक सरकफळी आहे. आता बरीच जुनी झाले आहे आणि कडेला दोन ठिकाणी माझे टवके उडाले आहेत. माझ्यावरून माणसे सरकतात. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून मोटारीत, मोटारीतून पुन्हा खुर्चीत. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे? पण ज्याच्या पाठीच्या कण्याला मार बसला आहे आणि ज्याचे पाय त्याचे ऐकत नाहीत, त्याला विचारा. पलंग आणि खुर्ची यांच्यामधली वीतभर फट त्याला नदीएवढी वाटते. त्या नदीवरचा पूल म्हणजे मी. ही जरा फुशारकी झाली खरी, पण माझी गोष्ट ऐकलीत तर तुम्हीच म्हणाल की हिला ती शोभते.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. कुठल्याशा शाळेतली मोठी टेबले मोडीत निघाली होती, त्यातल्या एका टेबलाचा मी तुकडा. मला काखोटीला मारून सुताराकडे आली ती फिजिओबाई. ती एका लहानशा केंद्रात काम करायची. दुखरे गुडघे आणि आखडलेले खांदे यांच्याकडे पाहणारे तिथे दुसरे होते. कण्याला इजा झालेली माणसे हे तिचे खास शिक्षण आणि तेवढेच तिचे काम. शिवाय ती रुग्णांना केंद्रात बोलवायची नाही, स्वतः त्यांच्या घरी जायची. "दवाखान्यातला पलंग कळ दाबली की वर-खाली होतो," ती म्हणायची. "घरातला होतो का? आणि माणसाला राहायचं असतं घरात."

सुताराने मला उलटीपालटी करून पाहिले. "हिचं करायचं काय?"

"हिच्यावरून माणसं सरकणार."

"सरकणार म्हणजे, घसरणार?"

"छे! घसरायला काही करावं लागत नाही. सरकायला जोर लागतो."

सुताराला ते पटले असावे. त्याने माझी दोन्ही टोके तासून पातळ केली, म्हणजे मी बसलेल्या माणसाच्या मांडीखाली अलगद शिरावे. मग पॉलिश-कागद घेऊन तो माझ्यामागे हात धुऊन लागला. एक कुसळ म्हणून अंगावर ठेवले नाही. शेवटी दोन स्टुलांवर मला आडवी टाकून, बाहेर जायची ठेवणीतली पँट घालून तो माझ्यावर बसला आणि या स्टुलावरून त्या स्टुलावर गेला. गेला तो गेला, परत आला, पुन्हा गेला. बाईला म्हणाला, "न्या आता. नाहीतर मी दिवसभर हेच करत बसेन."

तेव्हापासून फिजिओबाईच्या स्कूटरला मागे बांधून घेऊन मी घरोघर फिरले. तिची एक पद्धत होती. नवीन घरी गेली की ती कुठे दुखते ते आधी विचारायची नाही. "सकाळी उठल्यापासून तुम्हाला काय काय करायचं असतं?" असे विचारायची. मग टेप काढून पलंगाची उंची, खुर्चीची उंची, न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजायची. पलंग बुटका असला तर त्याच्या पायांखाली विटा. खुर्ची दारातून जात नसली तर दाराचीच चौकट बदला. आणि सगळी तयारी झाली की ती दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची. रुग्ण कितीही धडपडला तरी पडायची वेळ येईपर्यंत ते हात पुढे यायचे नाहीत. बघणाऱ्यांना ती निर्दय वाटायची.

माझे दिवस सगळे सुखाचे गेले असे नाही. एका घरात तर माझ्यावर भाज्या चिरल्या! त्या घरातल्या माणसाने आशा सोडली होती, म्हणून मग मलाही कोणी विचारीना. बाईने येऊन सगळ्यांना फैलावर घेतले, मला घासून-पुसून काढले आणि त्या माणसाला म्हणाली, "फळीला कांद्याचा वास येतोय, तेवढा सहन करा आणि बसा." तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण त्याची बायको दारातून धावत बघायला आली. त्याच संध्याकाळी तो माझ्यावरून खुर्चीत गेला. पुढे तो शाळेत शिकवायलाही जाऊ लागला.

पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मिळाला तो कप्तानच्या घरी. आणि सगळ्यात मोठा अपमानही तिथेच झाला, तोही मखमलीत गुंडाळून.

कप्तान हे काही तिचे खरे नाव नव्हे. ती मुलांना शाळेत ने-आण करणारी व्हॅन चालवायची. व्हॅनमध्ये कोणी कुठे बसायचे, खिडकी कोणी उघडायची, भांडण कधी मिटवायचे, सगळे तिच्या हुकमाने चालायचे. म्हणून मुलांनी तिला कप्तान केले आणि सगळा रस्ताच मग तिला कप्तान म्हणू लागला. एकदा व्हॅनच्या टपावर दोरी आवळताना तिचा तोल गेला आणि ती पाठीवर पडली. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा कमरेखाली तिला हालचाल नव्हती आणि स्पर्शही कळत नव्हता.

घरात आई आणि धाकटा भाऊ. भाऊ इंजिनांचा कारागीर, अंगाने दणकट. त्याचे ताईवर एवढे प्रेम की तिने पाणी मागितले तर हा तिलाच उचलून माठापाशी नेईल. सकाळी तो तिला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचा, दुपारी पळत घरी येऊन खुर्चीतून पलंगावर ठेवायचा. ती हवेत असताना कप्तानचा चेहरा मी पाहिला आहे. दात-ओठ आवळलेले असायचे. एकदा ती त्याला म्हणाली, "मी काय सिमेंटचं पोतं आहे का रे?" तो म्हणाला, "पोतं बोलत नाही ताई. पोतं बरं."

फिजिओबाई पहिल्यांदा आली त्या गुरुवारी तिने आईला बाजूला घेतले. "काकू, एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. हिला खाली काही कळत नाही. एका जागी बसून किंवा कुठे घासून कातडी सोलली, तरी ही ओरडणार नाही. साधी जखम चिघळून महिनोन्महिने अंथरुणात पाडते. तेव्हा कातडी जपायची, अगदी डोळ्यांत तेल घालून."

आईने मान हलवली. आई तशी बोलायला कमी आणि करायला पटाईत.

मग बाईने मला पुढे केले. खुर्ची पलंगाला तिरकी लावली, चाकांना खीळ घातली, खुर्चीचा एक हात काढला, माझे एक टोक कप्तानच्या मांडीखाली आणि दुसरे खुर्चीच्या गादीवर. "आता हातांवर अंग पेलायचं. ज्या दिशेला जायचं तिच्या उलट बाजूला डोकं टाकायचं, म्हणजे बूड आपोआप हव्या त्या बाजूला जातं."

कप्तानने क्षणभर विचार केला आणि तिचे डोळे चमकले. "म्हणजे ट्रेलर लावून गाडी मागे घेण्यासारखं! स्टिअरिंग एकीकडे, ट्रेलर दुसरीकडे."

"मला गाडीतलं कळत नाही," बाई हात मागे बांधत म्हणाली. "पण असेल तसंच."

त्या दिवशी अर्ध्यावर जमले. पुढच्या गुरुवारी पूर्ण जमले. बाईने मला तिथेच ठेवले आणि रोज सराव करायला सांगितले. इथवर सगळे सुरळीत होते.

बाईची स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली आणि आईने कात्री काढली. दाराचा जुना पडदा होता, जांभळ्या मखमलीचा. तो कापून, आत कापसाचा थर घालून तिने माझ्या मापाची खोळ शिवली. माझा लाकडी कडकपणा लेकीच्या कातडीला लागू नये म्हणून. खोळ निसटू नये म्हणून खालून चार नाड्या लावल्या आणि त्यांना पक्क्या दुहेरी गाठी मारल्या. खरे सांगते मित्रांनो, पहिल्या दिवशी मी हुरळून गेले. मोडीतल्या टेबलाचा तुकडा मी, आणि माझ्या अंगावर मखमल! शेजारणी येऊन हात फिरवून जायच्या. "काय बाई निगा राखता तुम्ही," असे आईला म्हणायच्या.

पण मखमल धरून ठेवते, सोडत नाही. कप्तान जोर लावायची आणि जिथल्या तिथे. डोके उलट दिशेला टाकायची, दंड थरथरायचे, कपाळावर घाम यायचा, तरी बूड हलायचे नाही. दुसरे कोणी असते तर त्याला खालची पकड जाणवली असती. तिला ती कशी जाणवणार? तिथे स्पर्शच नव्हता. तिला वाटायचे, आपल्या दंडांतच बळ नाही. मग भाऊ यायचा आणि "राहू दे ग ताई" म्हणून तिला उचलायचा.

आणि गुरुवारी? गुरुवारी सकाळी आई ती खोळ सोडून धुवायची आणि मागच्या दोरीवर वाळत घालायची. बाई येणार, त्यांच्यासमोर मळकी खोळ कशाला! बाईला तिने त्याबद्दल कधी सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे असे तिला वाटलेच नाही. उशीला अभ्रा घातला हे कोणी डॉक्टरला सांगते का? कप्तानच्याही ते कधी मनात आले नाही. तेव्हा गुरुवारी मी उघडी, आणि कप्तान माझ्यावरून सर्रकन खुर्चीत. शुक्रवारी मी नटलेली, आणि कप्तान पलंगावरच.

"बाई, तुमच्या हाताला गुण आहे हो," आई म्हणायची. "तुम्ही असलात की जमतं तिला."

"माझा हात लागतोय कुठे?" बाई बुचकळ्यात पडायची. "मी नसताना काय वेगळं होतं?"

तिघीही विचार करायच्या. मी बाईच्या पुढ्यात पडलेली असायचे आणि आतून नुसती तडफडायचे. मागच्या दोरीकडे एकदा बघा हो! पण लाकडाचे कोण ऐकणार? शेवटी बाईने हलक्या आवाजात विचारले, "कप्तान, एकट्यानं करायची भीती वाटते का?"

"मी आणि भीती?" कप्तान फणकारली. पण बाई गेल्यावर ती बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसली. पोरांनी भरलेली व्हॅन ज्या हातांनी उभ्या चढावर वळवली, त्या हातांवरचा तिचा विश्वास उडत चालला होता. मला फार वाईट वाटले.

त्याच आठवड्यात भावाला मोठ्या जहाजावर, इंजिनखोलीत काम मिळाले. लहानपणापासून तो ज्याची स्वप्ने बघायचा ते हेच. महिनाअखेर जायचे होते आणि होय की नाही ते सोमवारी सकाळी फोन करून कळवायचे होते. त्याने कोणाला विचारलेच नाही. जेवताना म्हणाला, "मी नाही म्हणून सांगणार आहे. ताईला उचलणार कोण?"

आई ताटाकडे बघत राहिली. तिच्याने लेकीला उचलवत नव्हते, आणि लेकाचे स्वप्न मोडतानाही बघवत नव्हते.

"तू माझ्यामुळे थांबलास ना," कप्तान म्हणाली, "तर मी जन्मभर तुझ्या मानगुटीवर बसले असं होईल. मला नकोय ते."

"मग काय करू ग? तुला पलंगावर सोडून जाऊ?"

सोमवार उंबरठ्यावर येऊन ठेपला.

रविवारी दुपारी आई शेजारी गेली होती. भाऊ बाहेर कोणाच्या तरी मोटारीखाली शिरला होता. कप्तान पलंगावर बसली होती, खुर्ची शेजारी होती, आणि मी मखमलीसकट उशाशी. तिने खुर्चीच्या चाकांना खीळ घातली, मला मांडीखाली सारले आणि दात-ओठ खाऊन जोर लावला. काही नाही. पुन्हा लावला. तरी काही नाही. तिसऱ्या खेपेला तिने असा हिसका दिला की मीच हलले. तिच्या अंगाला चिकटून मी सबंध पुढे गेले आणि माझे टोक खुर्चीच्या लोखंडावर करकरले.

कप्तान थबकली. तिने खाली पाहिले. पुन्हा थोडा जोर लावला, पुन्हा मी तिच्याबरोबर करकरत हलले.

"अरे!" ती मोठ्याने म्हणाली, "हा तर हँडब्रेक लागलाय!"

गाडीची चाके अडकली की अख्खी गाडी फरफटते, हे तिला कोणी शिकवायला नको होते. इंजिन दमलेले नाही, ब्रेक ओढलेला आहे. तिने मला मांडीखालून उपसून काढले, मखमलीवर तळवा टेकून ढकलून पाहिला. तळवा चिकटला. मग नाड्यांशी झटापट सुरू झाली. आईची गाठ ती, बोटांना कसली दाद देते! तिने दातांनी सोडवली. खोळ ओरबाडून काढली आणि खोलीच्या कोपऱ्यात भिरकावली. माझ्या अंगाला वारा लागला. किती बरे वाटले म्हणून सांगू!

तिने मला पुन्हा मांडले. हात रोवले, डोके उलट दिशेला टाकले, आणि सर्र. एक ढकल, दुसरी ढकल, आणि कप्तान खुर्चीत! घरात चिटपाखरू नव्हते. कोणाचा हात पुढे नव्हता की मागे बांधलेला नव्हता. तिने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, खुर्चीची खीळ काढली आणि थेट बाहेरच्या दारात जाऊन बसली.

आई परत आली ती दारातच खिळली. "अगबाई!" मग तिची नजर आत माझ्याकडे गेली आणि ती ओरडली, "अग, खोळ कुठे गेली? कातडी सोलली असेल ना!"

"आई, आधी मी कुठे बसलेय ते बघ."

आईने पाहिले. मग तिला हळूहळू उमजले, आणि तिने पदर तोंडाला लावला. "म्हणजे मीच... माझ्या हातांनी..."

"तू ब्रेक लावून ठेवलेलास ग," कप्तान तिला जवळ ओढत म्हणाली. "पण काय मजबूत लावलेलास! अशा ब्रेकवर व्यायाम करून करून माझे दंड बघ कसे झालेत." दोघी एकदम रडल्या आणि हसल्या.

भाऊ हात पुसत आला तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. "परत करून दाखव." तिने करून दाखवले. "आता उलट, खुर्चीतून पलंगावर." तेही केले. तरी सवयीने त्याचे हात तिच्या काखेकडे गेलेच.

"हात लावलास तर दात घशात घालीन!"

त्याने हात मागे घेतले. आणि एवढा दणकट गडी, पण भिंतीकडे तोंड करून नाक ओढत बसला. सोमवारी सकाळी त्याने फोन लावला आणि "येतोय!" असे इतक्या मोठ्याने सांगितले की पलीकडच्या माणसाने बहुधा कानापासून फोन लांब धरला असेल.

गुरुवारी हे सगळे ऐकून फिजिओबाईने कपाळावर हात मारला. "कातडी जपा म्हणून काकूंना मीच घाबरवलं, आणि फळी का गुळगुळीत असते ते सांगायचंच राहिलं." मग तिने कातडीची रोजची तपासणी आईवर सोपवली. संध्याकाळी आरसा आणि दिवा घेऊन आई तपासायला बसली की तिच्या नजरेतून साधा लालसर डागही सुटायचा नाही. ती खोळ तेवढी कप्तानने कोणाला फेकू दिली नाही. तिची उशी झाली.

भाऊ निघाला त्या सकाळी व्हॅनवरचे ताडपत्रीचे आच्छादन निघाले. कप्तान स्वतः त्याला बंदरावर सोडायला जाणार होती, म्हणून चालवायला भाड्याचा ड्रायव्हर आणला होता. व्हॅनची बैठक खुर्चीपेक्षा उंच, म्हणजे मी चढण झाले होते. चढणीवर सरकणे म्हणजे खायचे काम नव्हे. गेले काही गुरुवार बाईने तिच्याकडून हेच घोटून घेतले होते. शेजारीपाजारी दारात उभे. व्हॅनमधली जुनी मुले कुंपणावर चढलेली. कप्तानने व्हॅनच्या दारावरची पकडायची पट्टी एका हाताने धरली, दुसरा हात माझ्यावर रोवला. पहिल्या ढकलीला इंचभर. दुसऱ्या ढकलीला घसरून परत. भावाचे पाऊल पुढे पडले तसा आईने त्याचा शर्ट मागून गच्च धरला. "थांब. ती करतेय." तिसऱ्या ढकलीला कप्तान माझ्या मध्यावर आली, चौथीला बैठकीवर! मुलांनी असा गलका केला की कुंपण मोडते की काय असे वाटले. बाई सगळ्यांच्या मागे उभी राहून डोळे पुसत होती.

आणि व्हॅन हलली तोच कप्तान ड्रायव्हरवर कडाडली, "दुसऱ्या गिअरमध्ये टाक! इंजिन रडतंय, ऐकू येत नाही का?" बिचारा ड्रायव्हर बंदरापर्यंत घामाघूम झाला.

मित्रांनो, सरकफळीचा विजय कशात असतो सांगू? तिची गरज संपण्यात. काही महिन्यांनी कप्तानचे दंड आणि तिची युक्ती इतकी पक्की झाली की मधली फट ती माझ्याशिवायच ओलांडू लागली. मग तिने मला स्वतःच्या हाताने पुसून बाईला परत दिले, कारण पलीकडच्या वस्तीत कोणी माझी वाट बघत होते. आम्हा वस्तूंचे शेवटचे मागणे नेहमी एकच असते, आम्हाला जपा. माझे मागणे थोडे वेगळे आहे. मला कोरडे ठेवा, माझी कुसळे घासून काढा, पण मला नटवून ठेवू नका, वापरा. आणि कोणाला मदतीचा हात द्यावासा वाटला, तर आधी त्यालाच विचारा. तो म्हणाला "थांब, मी करतो", तर खरेच थांबा. थांबणे अवघड असते. मी आईला थांबताना पाहिले आहे.

बाई मला स्कूटरला बांधत होती तेवढ्यात घरात फोन वाजला. जहाजावरून भावाचा. कप्तान फोनचा स्पीकर लावून दारात आली. मागे लाटांचा आणि इंजिनाचा आवाज, आणि त्यातून त्याचा तोच काळजीचा सूर, "ताई, फळी परत देतेयस म्हणे, मग आता तुला उचलतं कोण ग?"

कप्तानने तोंड उघडण्याआधीच आई आतून धावत आली, फोन हिसकावून घेतला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "कोणी नाही! माझ्या लेकीला कोणीसुद्धा उचलत नाही!"